गाय गॅव्हरिएल के: नावं बदलून सांगितलेला इतिहास (सुरुवात कुठून करावी, काय कशाशी जुळतं, कुठे फसतं)

मोडीवाचक

इतर धाग्यांवर फँटसी कादंबरीकार के यांचा विषय निघाला की मूळ चर्चा बाजूला राहते, म्हणून हा स्वतंत्र धागा. रहस्यभेद असेल तिथे आधी तसं लिहा, एवढीच विनंती.

आधी माणूस. जन्म 7 नोव्हेंबर 1954, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातलं वेबर्न हे गाव. वाढले विनिपेगला, मॅनिटोबा विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले. 1974-75 मध्ये ऑक्सफर्डला ख्रिस्टोफर टोल्किन यांचे साहाय्यक. जे. आर. आर. टोल्किन 1973 मध्ये वारले तेव्हा कागदांचा डोंगर मागे ठेवून गेले होते. त्यातून 'द सिल्मरिलियन' उभं करायचं होतं, ते 1977 मध्ये आलं. के यांचं काम तिथे कागद लावून देण्याचं, हमालीचंच म्हणा. पुढे टोरांटोत कायद्याचं शिक्षण आणि 1981 मध्ये वकिलीची सनद. पण कोर्टाऐवजी ते सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक रेडिओवर रमले. 'द स्केल्स ऑफ जस्टिस' या मालिकेत खरे फौजदारी खटले नाट्यरूपात सादर होत. के तिचे प्रमुख लेखक आणि सहनिर्माते होते.

पहिली त्रयी 'द फियोनावार टॅपेस्ट्री' (1984 ते 1986) उघडउघड टोल्किनच्या वळणाची. टोरांटोचे पाच विद्यार्थी दुसऱ्या जगात जातात वगैरे. आज आपण ज्यांना ओळखतो ते के 'टिगाना'पासून (1990) सुरू होतात. मग 'अ साँग फॉर आर्बोन' (1992), 'द लायन्स ऑफ अल-रसान' (1995), 'द सॅरॅन्टाइन मोझेइक'चे दोन भाग (1998, 2000), 'द लास्ट लाइट ऑफ द सन' (2004), 'इझाबेल' (2007, पुढच्या वर्षी वर्ल्ड फँटसी अवॉर्ड), चीनवरची 'अंडर हेवन' (2010) आणि 'रिव्हर ऑफ स्टार्स' (2013), नंतर पुन्हा भूमध्य समुद्राकडे वळून 2016, 2019 आणि 2022 मध्ये एकेक. 2014 मध्ये ऑर्डर ऑफ कॅनडा.

आता मुद्दा. खऱ्या माणसाच्या तोंडी तो कधी न बोललेले शब्द घालायचे, त्याच्या शेजघरात शिरायचं आणि वर त्याचंच नाव वापरायचं, हे के यांना पटत नाही. निबंधांतून, भाषणांतून त्यांनी हे पुन्हा पुन्हा मांडलंय. म्हणून बायझंटाइन सम्राट जस्टिनियन नाही, व्हॅलेरियस. स्पेनचा लढवय्या एल सिद नाही, रोद्रिगो बेलमॉन्ते. आपल्याकडे कादंबरीतला संवाद पुढे व्याख्यानात पुरावा म्हणून येतो, त्यामुळे मराठी वाचकाला यातली गोम वेगळी समजावायला नको.

---

दुर्बीण

धागा छान, पण 'हमाली' शब्द मागे घ्या. 'सिल्मरिलियन'मधलं डोरियाथ या एल्फांच्या राज्याच्या विनाशाचं प्रकरण बघा. ख्रिस्टोफर यांच्या वडिलांनी, म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांनी, त्या कथेचा शेवट सलग असा लिहिलेलाच नव्हता. जुने, एकमेकांशी न जुळणारे मसुदे तेवढे होते. ते प्रकरण बरेच पर्याय आजमावून रचावं लागलं आणि त्यात के यांचा मोठा वाटा होता, हे खुद्द ख्रिस्टोफर टोल्किन यांनी नंतर 'द वॉर ऑफ द ज्युवेल्स'मध्ये लिहिलंय. विशीतला मुलगा दुसऱ्याच्या पुराणातली भगदाडं बुजवतोय आणि सांधा दिसणार नाही याची काळजी घेतोय. पुढे हाच माणूस खऱ्या इतिहासाच्या भगदाडांतून कादंबऱ्या काढतो. दोन्ही कामांना लागणारं कौशल्य एकच.

(ख्रिस्टोफर यांच्या पत्नी बेली मूळच्या विनिपेगच्या. के कुटुंबाशी त्यांची ओळख होती, त्यातून ही संधी आली.)

---

मोडीवाचक

@दुर्बीण, शब्द मागे घेतला. ते प्रकरण त्या नजरेने वाचलं नव्हतं.

---

चकमक

सुरुवात कुठून, याचं उत्तर: 'लायन्स'. एका खंडात संपतं आणि त्यात जादू नावापुरती आहे. आकाशात दोन चंद्र, एक पांढरा, एक निळा. आणि एका मुलाला आपले वडील कुठे आहेत हे दुरून कळण्याची देणगी. बास. फँटसी म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनाही हे चालतं. सुरुवातीला नावांची गर्दी होते. पुस्तकात पात्रांची यादी आहे, तिथे बोट ठेवून वाचा, शंभरेक पानांत सवय होते.

दुसरं 'टिगाना'. इथे जादू मध्यभागी आहे. मुलगा युद्धात मारला गेला म्हणून एक जादूगार राजा जिंकलेल्या प्रांताचं नावच पुसून टाकतो. त्या मातीत जन्मलेल्यांखेरीज कुणाला ते नाव ऐकूच येत नाही. ती पिढी मेली की नाव संपलं. जिंकलेल्यांची भाषा, गावांची नावं, फोटोतली माणसं पुसणं, हे सगळं विसाव्या शतकात खरोखर घडलेलं. इथे त्याचा मंत्र झालाय एवढंच.

सॅरॅन्टाइन जोडी सलग वाचायची. पहिला भाग बराचसा प्रवासाचा आहे, तिथे थांबलात तर हातात धर्मशाळेची बिलंच राहतील. चीनच्या जोडीत 'अंडर हेवन' आधी. दोन्हींत सुमारे चार शतकांचं अंतर आहे आणि दुसऱ्यात पहिल्यातल्या माणसांच्या दंतकथा झालेल्या दिसतात, त्याही चुकीच्या. उलट क्रमाने वाचलं तर ही गंमत जाते.

फियोनावार सगळ्यात शेवटी, आणि 'इझाबेल' त्याच्याही नंतर. 'इझाबेल' आजच्या काळातल्या एक्स-आं-प्रोव्हान्समध्ये घडते, पण त्यात फियोनावारमधली दोन माणसं येतात. ती कोण हे माहीत नसेल तर त्यांचे प्रसंग हवेत लटकतात.

---

खलबत्ता

काय कशाशी जुळतं याचा तक्ता नवे वाचक नेहमी मागतात. देतो, पण दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो, ते आधी. रगोसा वाचलं की रागुसा, म्हणजे दुब्रोव्हनिक आठवतं. चूक. रगोसा म्हणजे सारागोसा. दुब्रोव्हनिकचं रूप नंतरच्या पुस्तकांत दुब्रावा म्हणून येतं. तसंच मज्रिती. माद्रिदचं जुनं अरबी नाव मज्रित, म्हणून लोक ते स्पेनमध्ये शोधतात. के यांच्या नकाशात मज्रिती म्हणजे समुद्रापलीकडचं उत्तर आफ्रिकेचं वाळवंट.

बाकीचं सोपं. अल-रसान म्हणजे अल-अंदालुस (मुस्लिम स्पेन), एस्पेरान्या म्हणजे उत्तरेकडची ख्रिस्ती राज्यं, सिल्व्हेनेस कोर्दोबा, कार्ताडा सेव्हिल, फेझाना तोलेदो. सॅरॅन्टियम कॉन्स्टँटिनोपल, बातियारा इटली, ऱ्होडियास रोम, व्हारेना राव्हेन्ना, सेरेसा व्हेनिस, फेरिएर फ्रान्स. किताई चीन, झिनान म्हणजे चांगआन. धर्म तीन: जॅडचे उपासक सूर्याचे (ख्रिस्ती), अशरचे ताऱ्यांचे (मुस्लिम), किंदाथ चंद्रांचे (ज्यू).

पण तक्ता पाठ करून वाचायला बसू नका. माणसं एकास एक बसत नाहीत. अम्मार इब्न खैरानमागे सेव्हिलचा कवी-वजीर इब्न अम्मार आहे हे खरं. पण त्याला 1086 मध्ये त्याच्याच राजाने, जुन्या मित्राने, मारलं. तो शेवट धरून कादंबरी वाचाल तर चकाल. नावं बदलण्याचा एक फायदा अगदी व्यावहारिक आहे: इतिहास माहीत असलेल्या वाचकालाही पुढे काय होणार हे खात्रीने सांगता येत नाही.

काळाचं काय केलंय ते पाहा. कोर्दोबाची खिलाफत 1031 मध्ये संपली. तोलेदो 1085 मध्ये पडलं, आफ्रिकेतून अल्मोराविद ही मुस्लिम राजवट 1086 मध्ये उतरली, सिदने व्हॅलेन्सिया 1094 मध्ये घेतलं, तो 1099 मध्ये वारला. कोर्दोबा ख्रिस्ती राजांच्या हाती गेलं 1236 मध्ये आणि ग्रानादा 1492 मध्ये. साडेचारशे वर्षांची ही उतरण के एका पिढीत बसवतात. आणि कादंबरीच्या तोंडाशी असलेलं फेझानाचं खंदकातलं हत्याकांड याच्याही आधीचं आहे. तोलेदोतला 'खंदकाचा दिवस' आठव्या शतकाच्या अखेरचा, साधारण 797 चा. तीनशे वर्षं उचलून पुढे आणलाय.

का आणला? त्या दिवशी हुसारी नावाचा रेशमाचा व्यापारी मूतखड्याच्या कळांमुळे समारंभाला जाऊ शकत नाही आणि जगतो. त्याच्यावर उपचार करणारी किंदाथ वैद्य जेहाने शहर सोडते, हुसारी सूड घ्यायला निघतो आणि सगळी पात्रं एका रस्त्याला लागतात. मुतखड्याच्या एका खड्यावर सहाशे पानांचा डोलारा.

---

चुनखडी

सॅरॅन्टियमबद्दल. कथानक बाजूला ठेवून फक्त मोझेइकचं काम कसं दाखवलंय ते बघा, कारण पुस्तकाची मांडणीच त्यावर उभी आहे.

भिंतीवर चुन्याच्या गिलाव्याचे दोन-तीन थर देतात. शेवटचा थर ओला असेतो त्यात काचेचे आणि दगडाचे बारके तुकडे बसवायचे. म्हणून वाळायच्या आत जेवढा भाग भरून होईल तेवढाच शेवटचा थर एका वेळी लावायचा. चुना नीट कालवला नसेल तर तुकडे धरत नाहीत. कादंबरीच्या सुरुवातीलाच नायक क्रिस्पिन, जो मोझेइक कारागीर आहे, याच कारणावरून शिकाऊ पोरावर भडकलेला आहे, आणि तो प्रसंग भरतीचा नाही. सोनेरी तुकड्यात सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये असतो. तुकडे भिंतीशी सपाट बसवत नाहीत, किंचित कलते ठेवतात. त्यामुळे दिवा हलला की किंवा बघणारा चालला की पृष्ठभाग लुकलुकतो. सपाट बसवलं की भिंत मेलेली दिसते. क्रिस्पिनच्या डोक्यात सतत हाच हिशोब चालू असतो: खिडकी कुठे, सूर्य कधी येणार, खाली उभा माणूस कुठून बघणार.

(पुढे रहस्यभेद.)

खरा इतिहास: नीका दंगल (राजधानीतला उठाव) 532, हागिया सोफिया हे तिथलं मोठं चर्च 532 ते 537 अवघ्या पाच-सहा वर्षांत उभी, 558 मध्ये घुमट कोसळला, 562 पर्यंत पुन्हा बांधला. जस्टिनियनची सम्राज्ञी थिओडोरा 548 मध्ये वारली, जस्टिनियन 565 मध्ये. मूर्तिभंजनाची, म्हणजे धर्मचित्रं नष्ट करण्याची, पहिली लाट थेट आठव्या शतकात, 726 नंतर. के ती लाट दीडशे वर्षं मागे ओढतात आणि जस्टिनियनचा सेनापती बेलिसारियस याच्या जागी असलेल्या लिऑन्टेसला सम्राट करतात. खरा बेलिसारियस कधी सम्राट झाला नाही. हे दोन बदल एकत्र केले की क्रिस्पिनचा घुमट त्याच्या डोळ्यांदेखत खरवडला जाणं शक्य होतं. एकच बदल केला असता तर ते जमलं नसतं.

शेवटी क्रिस्पिन व्हारेनाला परततो आणि भिंतींवर समोरासमोर सम्राट आणि सम्राज्ञी काढतो. राव्हेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये (अभिषेक 547) जस्टिनियन आणि थिओडोरा आजही तसे समोरासमोर उभे आहेत. दोघांनीही राव्हेन्नात पाऊल ठेवलं नव्हतं. ती चित्रं कुणी केली, त्या कारागिराचं नाव उरलेलं नाही. दुर्बीण म्हणतात तसं भगदाड हेच.

---

आडवाट

कौतुक पुरे, थोडं मीठ.

एक: माणूस मेल्याचं सांगायचं पण कोण ते पान-दोन पानं दडवायचं, ही के यांची जुनी खोड. 'लायन्स'मध्ये ती दोनदा येते, रगोसाच्या उत्सवात आणि उपसंहारात. उपसंहारात ती शोभते, कारण लढणाऱ्या दोघांपैकी कुणीही जिंकलं तरी हरणं ठरलेलं आहे. उत्सवात मात्र ती केवळ युक्ती वाटते.

दोन: एका ओळीचे परिच्छेद. भावनेचा भार वाढवायला प्रत्येक प्रकरणात तीन-चार. सलग दोन पुस्तकं वाचली की चाप ओढायच्या आधीच आवाज ऐकू येतो.

तीन, आणि हा मोठा आक्षेप आहे. सूर्य, तारे आणि चंद्र अशी वाटणी केल्यामुळे तिन्ही धर्मांचं नातंच तुटलं. खऱ्या इतिहासात ते भाऊबंद आहेत. प्रेषित सामाईक, ग्रंथ एकमेकांत गुंतलेले, आणि भांडण वारसा कुणाचा याचं. के यांच्या जगात वारसाच नाही. त्यामुळे द्वेष दिसतो, पण वादाचं मूळ दिसत नाही. आठशे वर्षं शेजारी राहिलेली माणसं नेमकी कशावरून भांडत होती, हे 'लायन्स' वाचून कळणार नाही.

---

खलबत्ता

@आडवाट, तिसरा मुद्दा बिनतोड आहे. नावं बदलण्याची किंमत ती हीच. दुसऱ्या मुद्द्यावर थोडा बचाव: चीनच्या पुस्तकांत ती लय निराळी लागते, कारण तिथे कविता मध्यभागी आहे. 'अंडर हेवन'ची सुरुवात पाहा. शेन ताई वडिलांच्या शोकाच्या दोन वर्षांत एका दूरच्या सरोवराकाठी दोन्ही बाजूंच्या सैनिकांची हाडं पुरत राहतो. रात्री भुतांचे आवाज. पुरलेल्याचा आवाज दुसऱ्या रात्रीपासून बंद. यामागे चिनी कवी दू फूची आठव्या शतकातली कविता आहे, कोकोनोर सरोवराच्या काठी कुणी न उचललेल्या हाडांवरची. मग त्याला दोनशे पन्नास सार्डियन घोडे भेट मिळतात, आणि ही भेट म्हणजे मृत्युदंडच ठरायची वेळ येते. हान सम्राट वू याने मध्य आशियातल्या फरगाण्याच्या अशाच घोड्यांसाठी इ.स.पू. 104 ते 101 युद्ध केलं होतं. त्यामुळे हा आकडा दरबाराला का हादरवतो हे लगेच कळतं. पुढे सेनापती आन लुशानचं बंड (755 ते 763) जवळपास क्रमाने येतं.

---

कंदील

सगळं वाचलं. प्रश्न सरळ आहे: मराठीत या पद्धतीने लिहायचं तर करायचं काय? उदाहरणासह सांगा, नुसतं 'अभ्यास करा' नको.

---

मोडीवाचक

देवगिरी घेऊ. आधी एका पानावर खरा क्रम: 1296 अलाउद्दीनची स्वारी, 1307 मलिक काफूर, 1318 हरपालदेवाचा अंत, 1327 राजधानी दिल्लीहून दौलताबादला, 1347 बहमनी राज्य. एक्कावन्न वर्षं. कादंबरीला एवढी परवडत नाहीत, कारण पहिल्या प्रसंगातला तरुण शेवटी म्हातारा होतो आणि वाचकाची माणसं मधल्या मध्ये मरतात. म्हणून पहिल्या तीन घटना दोन-तीन वर्षांत आणायच्या. मात्र कारण आधी आणि परिणाम नंतर हा क्रम मोडायचा नाही. 1296 मध्ये ठरलेली खंडणी थकली म्हणून पुढची स्वारी झाली, हा धागा तुटला की उरतात नुसत्या लढाया.

मग असा प्रसंग शोधायचा जिथे बारीकशा गोष्टीवर मोठं काही ठरतं. इथे तो तयार आहे. किल्ल्यावर धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं, ही आख्यायिका. आख्यायिका आहे म्हणून इतिहासकार हात राखून लिहील, तुम्हाला राखायची गरज नाही. ती पोती कुणी भरली, कुणी मोजली, कुणी घाईत उघडून पाहिली नाहीत? त्या कोठाराच्या कारकुनाला मुख्य पात्र करा. राजा शक्यतो कडेला.

नावांत सगळ्यात जास्त चुका होतात. देवगिरीचं 'देवशिखर' केलं तर वाचक मनात देवगिरीच वाचणार, म्हणजे फुकटची कसरत. फार दूरचं केलं तर ओळखीचा धागा सुटतो. तीन बाजू असतील तर प्रत्येकीची ध्वनीची घडण वेगळी ठेवा: एकीकडे जोडाक्षरं आणि मोठी समासं, दुसरीकडे ठसठशीत दोन-तीन अक्षरी देशी नावं, तिसरीकडे 'ख', 'झ', 'फ'ची दाटी. चाळीस-पन्नास नावं एका कागदावर लिहून मुख्य पात्रांची आद्याक्षरं वेगवेगळी आहेत ना ते तपासा. रामदेव, रायदेव, राजदेव अशी त्रिमूर्ती झाली की वाचक गेला.

---

चुनखडी

जादूचं प्रमाणही सांगा. नवे लेखक तिथेच पसरतात. फार तर एक-दोन अद्भुत गोष्टी, पहिल्या पन्नास पानांत दाखवून ठेवलेल्या, आणि त्यांनी लढाईचा निकाल लागता कामा नये. लढाई मंत्राने जिंकली की धान्य, पगार, वारसाहक्क, पाऊस ही खरी कारणं एका फटक्यात फालतू ठरतात. सॅरॅन्टियममध्ये किमयागाराच्या यांत्रिक पक्ष्यांत माणसांचे आत्मे आहेत, अंगावर काटा आणणारा प्रकार. पण साम्राज्याचं राजकारण ते पक्षी ठरवत नाहीत.

---

आडवाट

आणि एक चाचणी. कच्चा खर्डा अशा माणसाला द्या ज्याला यादवकाळ अजिबात माहीत नाही. त्याला कारकुनाची काळजी वाटली नाही, तर तुम्ही देवगिरीच्या पुण्याईवर जगताय. उलट तो म्हणाला की 'हे खरंच असं घडलं होतं का', तर नावं बदलल्याचं सार्थक. उत्तर मात्र पुस्तकाच्या शेवटी टिपेत द्या. काय उचललं, किती वर्षं सरकवलं, दोन पानांत.

---

कंदील

आभारी आहे, मिठाची पोती कामाला लागली. शेवटचा प्रश्न: 2025 मधलं 'रिटन ऑन द डार्क' बाकीचं काही न वाचता वाचलं तर चालेल?

---

चकमक

चालेल, स्वतंत्र आहे. सॅरॅन्टियमचंच जग, पण कथा फेरिएरमधली, कडाक्याच्या थंडीत. राजधानी ओरानमध्ये एका ड्यूकचा खून होतो आणि तिएरी व्हिलार नावाच्या गुत्त्यातल्या कवीला शोधाच्या कामाला जुंपतात. मागे 23 नोव्हेंबर 1407 ला पॅरिसमध्ये झालेला ऑर्लिअन्सच्या ड्यूक लुईचा खून आहे, आणि कवीमागे फ्रांस्वा व्हियों. व्हियोंचा जन्म 1431 चा, म्हणजे खुनानंतर चोवीस वर्षांनी. जोन ऑफ आर्कची छायाही आहेच. खलबत्ता यांचा तक्ता मात्र वाचून झाल्यावर उघडा.